मामा, तुमच्या टोपीबद्दल

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

आमच्या शाळेचे शिपाई म्हणून तुम्हाला निरोप दिला, त्या समारंभाचं सूत्रसंचालन मीच केलं. पाहुण्यांची ओळख, शाल, श्रीफळ, सगळं नीट पार पडलं. पण तुमच्याबद्दल बोलायची वेळ आली तेव्हा घसा दाटला आणि मी दोन वाक्यांत आटोपून पुढच्या वक्त्यांना बोलावलं. ते राहिलेलं इथे सगळ्यांसमोर लिहितो आहे. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते शाळेत कुणालाच ठाऊक नाही, आणि ते ठाऊक व्हायला हवं.

2014 च्या जूनमध्ये मी शाळेत रुजू झालो. नववी ब, मराठी. फळ्याकडे तोंड करून शिकवायचो. आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जायचा नाही. लहानपणापासून मी असाच. दुकानात सुटे पैसे परत मागायचे तरी तळहाताला घाम फुटायचा. आधीच्या शाळेत एका वरिष्ठांनी भर वर्गात, मुलांच्या देखत मला विचारलं होतं, "आवाज फुटत नाही तर मास्तर कशाला झालात?" मग व्यक्तिमत्त्व विकासाच्या एका शिबिरात पाच हजार रुपये भरले. तिथे आरशासमोर उभं करून "मी वाघ आहे" असं शंभर वेळा म्हणायला लावलं. त्या दोघांचाही मला अजून राग आहे. शिकलेली, मोठ्या हुद्द्याची माणसं ही. भीती नेमकी कशाची वाटते, एवढं कुणी विचारलं नाही.

ते तुम्ही विचारलंत. शाळा सुटल्यावर मी रिकाम्या वर्गात बसलो होतो. तुम्ही खिडक्या लावत आलात, किल्ल्यांचा जुडगा बाकावर ठेवलात आणि म्हणालात, "सर, आवाज पोचायचा न्हाई ह्याचं भ्या वाटतंय, का पोचंल ह्याचं?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हीही ते मागितलं नाही. शेजारच्या बाकावर टेकलात आणि सिनेमाची गोष्ट सांगायला लागलात. "'एक डाव भुताचा' बघितलाय का? त्यात बी एक मास्तर हाय, लई बुजरा. त्याला एक भूत भेटतंय. जुन्या काळातला शिपाईगडी. भूत दिसतंय ते निस्तं मास्तरला." तरुणपणी गावच्या जत्रेत, तंबूतल्या टॉकीजमध्ये तुम्ही तो पाहिला होता. अशोक सराफांच्या भुताची चाल तुम्ही वर्गात दोन बाकांच्या मधून चालून दाखवलीत. किती दिवसांनी हसलो असेन मी त्या संध्याकाळी.

त्याच रात्री खोलीवर मोबाइलवर तो सिनेमा पाहिला. 1982 चा, रवी नमाडे यांनी दिग्दर्शित केलेला. लेखन द. मा. मिरासदारांचं. मिरासदारांनी स्वतः मास्तरकी केलेली, त्यामुळे शाळा आणि गाव त्यांच्या हाडात मुरलेलं. मास्तर झालेत दिलीप प्रभावळकर. भित्र्या माणसाची टिंगल करून हशा मिळवणारे विनोद मी आयुष्यभर ऐकले होते, त्यातले बरेच माझ्यावरच झाले होते. इथे हसू येत होतं, पण अपमान झाल्यासारखं वाटत नव्हतं. प्रभावळकरांचा मास्तर मला माझ्या घरातला वाटला. आणि खंडोजी फर्जंदाचं ते भूत! कुणीतरी आपल्या बाजूचं आहे एवढ्यानं माणसाचा कणा कसा ताठ होतो, ते मी त्या रात्री पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "मी व्हरांड्यात हाय. टोपीला हात लावला, की आवाज वाढवायचा."

एवढंच. पाचव्या तासाला तुम्ही व्हरांड्यातल्या कुंड्यांना पाणी घालायला यायचात. कधी नोटिसांची वही घेऊन, कधी फडकं घेऊन. खिडकीतून पांढरी टोपी दिसायची. हात टोपीकडे गेला की मी एक वाक्य मोठ्यानं म्हणायचो. मुलांना पत्ता नव्हता, मुख्याध्यापकांना नव्हता. भूत कसं एकट्या मास्तरालाच दिसायचं, तसा तो हात एकट्या मलाच दिसायचा. सिनेमातला तो शिपाई आणि आमच्या शाळेचा शिपाई, दोघांना शब्द एकच आहे हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

पुढे मी कविता म्हणून दाखवायला लागलो, 26 जानेवारीला मैदानावर बोललो, पालकसभा घेतल्या. ते सगळं तुम्ही पाहिलंच आहे. श्रेय मात्र कधी घेतलं नाहीत. "सर सुधारले" असं स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, की तुम्ही चहाचे कप उचलून निघून जायचात. मदत करून ती समोरच्याला जाणवूही न देणारी माणसं मी फार कमी पाहिली आहेत. एस.टी.त म्हाताऱ्या बाईची पिशवी गुपचूप वर ठेवून पुन्हा खिडकीबाहेर बघत बसणारा एखादा, किंवा गिऱ्हाइकाच्या पैशांत दोन रुपये कमी पडले तर न मोजता गल्ल्यात टाकणारा किराणावाला. गावं अशाच माणसांवर चालतात. त्यांच्या नावाचा फलक कुठेही लागत नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

त्या दिवशी व्यासपीठावर तुमची टोपी काढून तुम्हाला फेटा बांधला होता. तुमचं नाव घेताना माझा आवाज गेला. खाली पाचशे मुलं, समोर पाहुणे. मी तुमच्याकडे पाहिलं. तुमचे डोळे भरलेले होते, आणि तुम्ही हळूच फेट्याला हात लावलात.

मामा, त्या हातासाठी हे पत्र आहे.

आणखी एक. जत्रेत ऐन रंगात वळीव कोसळला, तंबू आडवा झाला आणि सिनेमाचा शेवट बघायचा राहिला तो राहिलाच, असं तुम्ही म्हणाला होतात. मला तो ठाऊक आहे, पण इतक्या वर्षांत तुम्हाला सांगितला नाही. रविवारी संध्याकाळी लॅपटॉप घेऊन तुमच्या घरी येतो. काकूंना भजी करायला सांगा. आपण पहिल्यापासून बघू.

तुमचा,
नववी ब चे सर