तो एक चौकोन तुम्ही कोरा ठेवलात

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या नौपाड्यातील दवाखान्यातून निघताना आभाराचे दोन शब्दही मला धड बोलता आले नाहीत, म्हणून हे पत्र.

माझा थोरला भाऊ २०१६ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने गेला. वडील बेचाळिसाव्या वर्षी गेले होते. दादाचे एलडीएल, म्हणजे रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल, २५०च्या वर असल्याचा अहवाल त्याआधी दोन ठिकाणी दाखवला होता. एकीकडे "तेलकट कमी करा" एवढेच सांगितले गेले आणि दुसरीकडे "अंगाने इतके बारीक, तुम्हाला कसली भीती?" म्हणून त्याला हसत परत पाठवले गेले. वडील कशाने गेले, हे दोघांपैकी कोणीही विचारले नाही. दादा गेल्यावर तिसऱ्या एका तज्ज्ञाने आईच्या देखत आमच्या घरच्या साजूक तुपाचा विषय काढला आणि त्या दिवसापासून आमच्या वरणभातावर तूप पडले नाही.

तुम्ही मात्र मला मोजे काढायला लावलेत, टाचेमागची जाड झालेली धोंडशीर (पोटरीचा स्नायू टाचेशी जोडणारा दोर) बोटांनी चाचपून पाहिलीत आणि मग एका कागदावर आमचा वंशवृक्ष काढायला बसलात. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. आजोबांवर रेघ आली, वडिलांवर आली. दादाच्या चौकोनाशी पेन थांबले, कारण आई कागदाकडे पाहत होती. तुम्ही पेन खाली ठेवलेत आणि तिला म्हणालात, "आजी, हा दोष जन्मतः आलेला आहे, तुमच्या स्वयंपाकातून नाही." आई रक्तदाब मोजायला बाहेर गेल्यावरच तुम्ही ती रेघ ओढलीत. उपचाराच्या दृष्टीने त्या रेघेला काहीच घाई नव्हती, पण हे कळायला माणूस लागतो आणि तसा माणूस आम्हाला इतक्या वर्षांत भेटला नव्हता.

रक्तातले एलडीएल उचलून घेणारे यकृतावरचे ग्राही (रिसेप्टर) आमच्या घराण्यात जन्मापासून कमी पडतात, आई-वडिलांपैकी एकाला हा दोष असला तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते आणि साधारण अडीचशे माणसांत एकाला तो असतो, हे सारे मला पंचेचाळिशीत कळले. ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांना याच ग्राहींच्या शोधासाठी १९८५ साली नोबेल मिळाले होते. म्हणजे दादाला हसत परत पाठवले गेले तेव्हा हे ज्ञान तीस वर्षांचे जुने होते. माझा राग एवढ्यापुरताच आहे, आणि तो या पत्रात आल्याबद्दल क्षमस्व.

कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी रोज चालू आहे. केवळ पथ्याने हा आकडा पुरेसा उतरणार नाही, पण म्हणून पथ्य मोडायचीही मुभा नाही, हे तुमचे वाक्य माझ्या पत्नीने पाठ केले आहे. सिगारेट सुटली. सकाळी कचराळी तलावाभोवती फेऱ्या होतात. त्यानंतरचा वडापाव मात्र अजून डोळ्यांपुढे येतो. मुलांना तपासा, असा आग्रह तुम्ही धरलात. माझी मुलगी सुटली. दादाच्या बारा वर्षांच्या मुलाचे एलडीएल २१० निघाले. त्याचे उपचार त्याच्या वडिलांपेक्षा कितीतरी आधी सुरू झाले आहेत.

होळीला आईने इतक्या वर्षांनी पुरणपोळी केली. माझ्या पोळीवर तिने चमच्याच्या टोकाने जेमतेम थेंबभर तूप सोडले आणि मी वाटीकडे पाहताच ती म्हणाली, "मॅडमना विचारू का?"

आपला कृतज्ञ,
एक रुग्ण, ठाणे