खालच्या मजल्यावरच्या काकांना, फिल्टरबद्दल

काका, नमस्कार.

तुम्ही मोबाईल फक्त फोन उचलायला वापरता, त्यामुळं हे तुमची नात वाचून दाखवणार आणि तुम्ही मधेच "बास की आता, किती लिवलंय" म्हणणार हे मला माहितीय. तरी लिहितोय, कारण समोरासमोर आभार मानायला गेलो तेव्हा तुम्ही दोनदा विषय बदलला आणि तिसऱ्यांदा माझ्या हातात पाना देऊन नट आवळायला लावले.

आपली ओळख तशी पाण्यानंच झाली. चार वर्षं एकाच जिन्यानं ये-जा करतोय, पण "काय, बरंय का" च्या पुढं कधी बोलणं गेलं नव्हतं. मग जानेवारीत, आपल्या सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा चालू होती त्याच आठवड्यात, पहाटे पाचला तुम्ही दार वाजवलंत. मी डोळे चोळत उघडलं तर तुम्ही बनियनवर उभे, आणि भांडायच्या ऐवजी पहिला प्रश्न काय, तर "पाणी कुठनं यायलंय बे?"

पाणी माझ्या टाकीतनं येत होतं. तीन फुटी फिश टँक, साधारण 100 लिटरचा, त्याला मी स्वतः कॅनिस्टर फिल्टर बनवला होता, म्हणजे टँकच्या खाली ठेवलेला बंद डबा, टँकचं पाणी त्यातनं गाळून परत वर जातं. व्हिडिओ बघून, दोन रात्री जागून. दहा लिटरचा लोणच्याचा प्लास्टिकचा डबा, झाकणाला दोन भोकं, दोन पाइप, कडेनं सिलिकॉन, झालं. संध्याकाळी मस्त चालला म्हणून खूश होऊन झोपलो. रात्री कधीतरी झाकण फुगून एका बाजूनं उचललं गेलं आणि पंप टँकच्या तळाला ठेवलेला असल्यामुळं त्यानं इमानेइतबारे सगळं पाणी डब्यात आणि डब्यातनं हॉलमधे ढकललं. टँकच्या स्टँडशेजारी ताईच्या सासरी आहेराला द्यायच्या सोलापुरी चादरींचा गठ्ठा होता. आपली चादर पाणी किती पिते हे मला त्या दिवशी कळलं, दोघांनी मिळून एक चादर पिळली तरी संपेना. आई काय काय बोलली ते इथं लिहीत नाही. दोन मॉली गेल्या, बाकीचे मासे दोन बोटं पाण्यात आडवे पडून तडफडत होते. आणि नळाला पाणी यायला अजून तीन दिवस होते.

तुम्ही खाली जाऊन पिंपातलं साठवलेलं दोन बादल्या पाणी आणून दिलंत. उजनीचं पाणी कसं मोजून वापरावं लागतं ते तुम्हाला सांगायला नको, काकू आतनं तेलुगूत काहीतरी म्हणाल्या त्याचा अर्थ मी विचारला नाही, पण अंदाज आला. ते पाणी पिंपात दोन दिवस उघडं राहिलेलं होतं, क्लोरीन बरंच उडालेलं, म्हणून मासे तरले. सरळ नळाचं असतं तर सांगता येत नव्हतं.

मग तुम्ही तो डबा हातात घेऊन उलटा-पालटा करून बघितलात. मला वाटलं आता म्हणणार "हे धंदे बंद कर". तुम्ही म्हणालात, "झाकणावर किती वजन येतंय माहितीय का?" मी म्हणालो वजन कुठलं, पाणी तर आत आहे. खरंच असं म्हणालो मी, बीएस्सी झालेला माणूस.

त्या दिवशी दुपारी बसून हिशोब केला. उभ्या पाण्याचा जोर एक मीटरला दर चौरस सेंटिमीटरवर साधारण 100 ग्रॅम. टँकमधलं पाणी झाकणापेक्षा सुमारे 80 सेंटिमीटर वर, झाकण नऊ इंच व्यासाचं, म्हणजे 400 चौरस सेंटिमीटरच्या वर. आलं 30 किलोच्या पुढं. लोणच्याच्या डब्याचं झाकण आतनं 30 किलोनं ढकललं जात होतं आणि मी त्याला सिलिकॉनच्या एका रेघेवर सोडून झोपलो होतो. तुम्ही पंचवीस वर्षं लूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होता, कागद-पेन न घेता नुसतं झाकण दाबून तुम्हाला जे कळलं ते मला कॅल्क्युलेटर घेऊन कळलं.

"रुंद नको, उंच घे," एवढंच म्हणालात आणि पुढच्या रविवारी सहा इंची पीव्हीसी पाइपचा दोन फुटाचा तुकडा कुठनं तरी घेऊन आलात. झाकण लहान झालं आणि वरही गेलं, त्यामुळं जोर आला दहा किलोच्या आत. आत पाणी मावतं जवळपास तेवढंच, साडेदहा-अकरा लिटर.

पुढचे तीन रविवार गच्चीवर जे चाललं ते मी आयुष्यात विसरणार नाही. खाली एंड कॅप सोल्यूशन लावून बसवली. वर 12 एमएमच्या पीव्हीसी शीटची रिंग, तिच्यावर त्याच शीटचं गोल झाकण, मधे पाणी गळू नये म्हणून ट्रकच्या जुन्या ट्यूबमधनं कापलेलं रबरी गॅस्केट, आणि आठ बोल्ट. गॅस्केट कापताना तुम्ही ब्लेड फिरवत नव्हता, ब्लेड धरून ट्यूब फिरवत होता, तेव्हा कडेला एक दातसुद्धा आला नाही. मी म्हणालो थोडं व्हॅसलीन लावू, तर "नको, रबर फुगतंय त्यानं". बोल्ट आवळायला मी एका बाजूनं सुरू केलं तर तुम्ही बारा-तेराचा पाना काढून घेतलात. एक आवळला की त्याच्या समोरचा, मग आडवा, मग त्याच्या समोरचा, आणि सगळे आधी हातानं, मग अर्धा फेरा, मग पाव. कारचं चाक बसवतात तसं. गॅस्केट सगळीकडनं सारखं दबलेलं बघून तुम्ही त्यावरनं नख फिरवलंत. माझंही नख धरून फिरवलंत.

एकाच गोष्टीत मी तुम्हाला शिकवलं, ते पण सांगतो. डब्याला पाइप जोडायला तुम्ही पितळी टँक निपल आणलं होतं, मी म्हणालो काका पितळेत तांबं असतं, झिंगे आणि गोगलगायींना चालत नाही. तुम्ही काही न बोलता ते खिशात टाकलंत आणि पीव्हीसीचं आणलंत. मग वॉशर मी बाहेरनं लावला, तो तुम्ही काढून आतनं, पाण्याच्या बाजूनं लावलात. बरोबरी झाली.

पण खरे आभार मानायचेत ते पंपासाठी. या वेळी मी पंप कॅनिस्टरच्या आत टाकणार होतो, सगळे तसंच करतात. तुम्ही विचारलंत, मग वायर कुठनं काढणार? मी म्हणालो झाकणातनं, केबल ग्लँड, म्हणजे वायरभोवतीचं भोक बंद करणारं बूच, लावून. "आणि ते भोक गळलं तर?" कुलरचा 18 वॅटचा पंप होता, घरात पडून होता. तुमचं म्हणणं, पंप वर टँकमधेच ठेव, तो पाणी खाली ढकलू दे, झाकणात वायरचं भोकच नको. मला पटेना. खाली गेलेलं पाणी चार फूट परत वर कसं येणार, या कुलरच्या पंपात तेवढा दम नाही. तेव्हा तुम्ही कोपऱ्यातला गवंड्यांचा लेव्हल पाइप उचललात, पाणी भरून दोन टोकं माझ्या दोन हातात दिलीत आणि मधला पाइप पार जिन्यात खाली सोडलात. दोन्ही टोकांना पाणी एकाच लेव्हलला. "आता सांग, पंपाला काय उचलायचंय?"

काही नाही. एका टोकाला जेवढं पाणी वरनं दाबतं तेवढंच दुसऱ्या टोकाला, पंपाला फक्त स्पंज आणि पाइपची घासाघीस सोसायची. मी सहा महिने हे वाचत होतो आणि ते कळलं लेव्हल पाइप हातात धरल्यावर. आणि पाइप तोंडानं ओढायची भानगडही गेली, पंप लावला की पाणी एका पाइपनं कॅनिस्टरच्या तळाशी जातं, हवा झाकणातल्या आउटलेटनं आपोआप बाहेर पडते.

आणि पंप तळाशी न ठेवता पाण्याच्या चार बोटं खाली टांगायचा, हे पण तुमचंच. मी म्हणालो घाण तर तळाशी असते. "घाण तू आठवड्याला काढ. रात्री पाइप निसटला तर चार बोटं पाणी जाईल, मासे राहतील." पाणी परत टँकमधे आणणाऱ्या रिटर्न पाइपचं तोंड पाण्याच्या जरा वर ठेवलंय, तेवढंच काय ते पंपाला उचलायचं, पण त्या पाइपनं पाणी उलटं खाली ओढलं जात नाही, वर पाणी पडून हवा मिसळते ती वेगळीच.

मला लगेच घरात लावायचं होतं. तुम्ही दोन रात्री लावू दिलं नाही. गच्चीवरच्या टाकीच्या शिडीला दहा फूट पाइप उभा बांधून पाणी भरलं, म्हणजे घरात येतो त्याच्या तिप्पट तरी जोर, आणि खाली वर्तमानपत्र अंथरलं. सकाळी पेपरवर रुपयाएवढा एक डाग. टँक निपलचा. खोलून टेफ्लॉन टेप गुंडाळून परत बसवलं, परत रात्रभर. दुसऱ्या सकाळी तुम्ही चष्मा लावून पेपर वाचल्यासारखा बघितलात आणि मग घडी घालून खरंच वाचायला घेऊन गेलात.

आत काय भरलंय ते इतरांसाठी सांगतो, काकांना माहितीय. तळाशी दोन इंच मोकळी जागा गाळ बसायला, मग भोकाची प्लेट, मग जाड स्पंज, प्लास्टिकच्या भांडी घासायच्या जाळ्या, लाव्हा दगड, सगळ्यात वर बारीक स्पंज. सगळं कांद्याच्या नव्या जाळीत, दोरी ओढली की बाहेर. सोलापुरात कांद्याच्या जाळीला काय तोटा. जुन्या फिल्टरचा स्पंज पहिले सहा आठवडे तसाच चालू ठेवला, त्यातले घाण पचवणारे बॅक्टेरिया इकडं बसेपर्यंत. धुवायचं ते टँकच्याच काढलेल्या पाण्यात, नळाखाली नाही. आणि आधी पंप बंद, मगच पाइपचा व्हॉल्व्ह.

पहिल्या दिवशी बादलीत मोजलं, दहा लिटर 75 सेकंदात, म्हणजे तासाला 480 लिटर. ते 100 सेकंदावर गेलं की फिल्टर धुवायला उघडायचा, हा माझा नियम. मे महिन्यात पारा 43 ला असताना एका रात्री सहा तास लाइट गेली, तेव्हा तुम्हीच वर येऊन विचारलंत की बंद डब्यात कोंडलेलं पाणी तसंच परत टँकमधे सोडणार का. नाही सोडलं. रिटर्न पाइप बादलीत धरला, पहिलं पाणी काळपट आणि वास मारणारं निघालं, ते मोरीत ओतलं.

सगळं मिळून 1800 रुपये गेले. त्यात तुमची मजुरी शून्य, शीट शून्य, ट्यूब शून्य. चादरींचे वेगळे, ते आईनं अजून हिशोबात धरलेत.

मॉलीला पिल्लं झालीत, पस्तीस तरी असतील, नातीला बघायला पाठवा. आणि ते दुसरं गॅस्केट तुम्ही त्याच दिवशी कापून माझ्या मीटरच्या खिळ्याला अडकवून ठेवलंय ना, ते आता लागणार असं वाटतंय, आठव्या बोल्टापाशी पेपर जरा ओला दिसतोय. रविवारी येता का? आई कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करणारे. पाना मी घेऊन ठेवलाय, बारा-तेराचाच.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा