बोक्याला क्रोसिन द्यायची नाही

चिऊ,

काल फोनवर तू म्हणालीस की गोट्याचं अंग गरम लागतंय, पाव क्रोसिन चुरून दुधातून देते, तेव्हा मी ओरडलो त्याचं कारण आता नीट लिहितो. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, आपलं लिव्हर ते पचवून बाहेर टाकतं, मांजराच्या लिव्हरमध्ये ते काम करणारं एन्झाइम जवळजवळ नसतंच, मग ते औषध रक्तावरच उठतं, हिरड्या गुलाबीच्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन तर अजिबातच नाही. आणि अंग गरम लागलं म्हणून ताप असं नसतं गं, मांजराचं नॉर्मल टेंपरेचरच १०० ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्या हाताला ते गरम लागणारच.

मी नोकरीभर गाईम्हशींच्या मागे फिरलो, मांजर घेऊन दवाखान्यात यायचं कोणी नाही तेव्हा. आजीकडे मांजरं यायची, उंदीर मारायची, निघून जायची, एखादं आजारी पडलं तर कुठे जाऊन मेलं हेही कळायचं नाही, म्हणून आपल्याकडे सगळे म्हणतात मांजराला काही होत नाही. तुझा गोट्या ठाण्यात पाचव्या मजल्यावर बंद आहे, त्याच्या तोंडात जे जाणार ते तूच घरात आणून ठेवलेलं असणार, तेव्हा आधी घर बघ.

लादी पुसायचं काळं फिनेल बंद कर. त्यातले फिनॉल मांजराला सोसत नाहीत, ओल्या लादीवरून तो चालणार आणि मग तासभर पंजे चाटत बसणार. साध्या साबणाच्या पाण्याने पुसलं तरी लादी स्वच्छ होते, तुझी आई हे मान्य करणार नाही ते सोड. कपाटातल्या डांबरगोळ्या काढ. कोणी बुके दिला आणि त्यात लिली असली तर घरात घेऊच नकोस, नुसते पराग अंगावर पडून चाटले तरी किडन्या जातात. पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर टाकायचे ड्रॉप्स मिळतात, बऱ्याच ड्रॉप्समध्ये परमेथ्रिन असतं, कुत्र्याला चालतं, मांजराला झटके येतात, तेव्हा दुकानदार काहीही म्हणो, डब्यावर मांजराचं चित्र आणि त्याच्या वजनाचा आकडा बघूनच घे.

आणि दोरा. फुलपुडीचा दोरा, गजऱ्याचा दोरा, राखी, सुईतला ओवलेला दोरा, मांजराची जीभ खरखरीत असल्यामुळे एकदा तोंडात गेला की बाहेर थुंकता येत नाही, आतच जातो. कधी मागून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ओढायचं नाही, आत आतडं गोळा झालेलं असतं, ओढलंस तर चिरतं. तसंच डॉक्टरकडे न्यायचं.

आता बोका आहे म्हणून मुद्दाम सांगतो, हे नीट वाच. तो लिटरमध्ये, म्हणजे त्याच्या शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये, सारखा जाऊन बसतोय, कुंथतोय, म्यावम्याव करतोय, दोन थेंब येतायत किंवा तेही नाही, मधेच लघवीची जागा चाटतोय, असं दिसलं की लोकांना वाटतं शौचाला होत नाहीये आणि एरंडेल शोधतात. ती लघवी तुंबलेली असते. बोक्याची नळी बारीक, खडा किंवा चिकट घाण अडकली की बंद, लघवी अडली की रक्तात पोटॅशियम चढतं आणि एकदोन दिवसांत हृदय थांबतं. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं, सकाळी बघू नाही. म्हणून रोज लिटर तूच साफ कर, कामवाल्या मावशींवर सोडू नकोस, वाळूत लघवीचे किती गोळे झाले हे डोळ्यांनी दिसायला पाहिजे. नुसत्या कोरड्या दाण्यांवर ठेवू नकोस, ओलं खाणं दे, पाण्याचे वाडगे दोनतीन ठिकाणी ठेव. दुधाचं कौतुक पुरे, मोठ्या मांजरांना बहुतेक करून ते पचत नाही, जुलाब होतात. आणि दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर उपास करतोय म्हणून बसू नकोस, जाड मांजराने खाणं सोडलं की चरबी लिव्हरवर चढते.

खिडकीला कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी आहे ना, ती त्याला दातांनी कुरतडता येते, लोखंडी बसवून घे, भाड्याचं घर असलं तरी मालकाला विचार, पैसे मी देतो.

लसीचं तुला माहितीये, ट्रायकॅट, म्हणजे मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस, आणि रेबीज, डॉक्टर देतील त्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेव. खच्चीकरण पाचसहा महिन्यांचा झाला की करून टाक, त्यात पाप वगैरे काही नाही, घरभर उग्र वासाची लघवी उडवायला लागल्यावर मग रडशील. बाहेरचं कुठलं मांजर तुला ओरबाडलं किंवा चावलं तर हळद-चुना लावायचा नाही, वाहत्या नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनला जायचं.

गणपतीला येताना त्याला आणणार असशील तर बास्केट आत्तापासून हॉलमध्ये उघडी टाकून ठेव, आत त्याचं खाणं ठेवत जा, आपणहून जाऊन बसायला लागला तर प्रवासात बोंबलणार नाही. ताप मोजून झाला का ते कळव, आणि डॉक्टरांनी काही लिहून दिलं तर चिठ्ठीचा फोटो पाठव, अक्षर मी लावतो.

बाबा