बीज किती सोडले, याला विविधता म्हणत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला भीमेवरच्या उजनी धरणाच्या मत्स्यसंपदेवरचा लेख वाचून राहवले नाही. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज, म्हणजे लहान पिल्ले, किती सोडले, यालाच लेखक माशांची विविधता म्हणतात. हे तिन्ही मासे मुळात गंगेच्या खोऱ्यातले. पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालणारे. धरणाच्या साचल्या पाण्यात त्यांची वीण नीट होत नाही, म्हणून तर बीज पुन्हा पुन्हा आणून सोडावे लागते. जरूर सोडावे, मासेमारांचे पोट त्यावर आहे. पण भीमेचे स्वतःचे मासे कुठे गेले, यावर अख्ख्या लेखात एक ओळ नसावी?

महासीरचेच घ्या. दख्खनच्या महासीरचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ साली केले, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. तेच पाणी पुढे भीमेतून उजनीत येते. आता ते पुणे-पिंपरी चिंचवडचे सांडपाणी घेऊन येते आणि जलपर्णीखाली काळे पडते. त्यात १९८० पासून धरणाची भिंत उभी आहे. खालून चढणीला लागलेल्या माशाला ती ओलांडायला वाट ठेवलेली नाही. अशा पाण्यात चिलापीचेच फावते. परदेशातून १९५२ साली आणलेला हा मासा पिल्ले तोंडात सांभाळतो, वर्षातून अनेकदा वितो आणि घाण पाण्यातही तग धरतो. धरणाकाठच्या भिगवणला लिलावात बघा, चिलापीचे ढीग असतात. मरळ, वाम, शिंगटा हे इथले मासे असले तर एका कडेला.

आणि जे बीज सोडले म्हणून एवढे कौतुक, त्याचे पुढे काय होते? गेल्या हिवाळ्यात पहाटे काठावर वडापाची जाळी ओढताना पाहिली. वडाप म्हणजे मच्छरदाणीसारख्या बारीक विणीचे जाळे, पिल्लूही सुटत नाही. बोटाएवढे रोहू-कटले, त्यांच्यात चपटी चकचकीत आंबळी, सगळे एकत्र ओतलेले, काही अजून तोंड उघडत होते. वाळवून विकायचा माल. त्यातले मूठभर मासे पिशवीत घालून संबंधित कार्यालयात गेलो. तिथले साहेब म्हणाले, ‘लेखी द्या.’ लेखी दिले. मग म्हणाले, ‘जागा आमच्या हद्दीत येत नाही.’ दुसऱ्या कार्यालयाने परत पहिल्याकडे पाठवले. तोवर मासे कुजले होते. माझ्या अर्जाला आजतागायत उत्तर नाही. वडापावरच्या कारवाईच्या बातम्या तुम्हीच अधूनमधून छापता. मग कालच्या लेखात तो शब्दही का नाही?

भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आले की तुम्ही अर्धे पान रंगीत छायाचित्रे देता. जरूर द्या, आम्हीही हौसेने बघतो. पण तिथले चित्रबलाक मासे खाऊनच जगतात. एकदा कुणाला तरी काठावरच्या जुन्या मासेमारांकडे पाठवा. आजोबांच्या जाळ्यात काय यायचे आणि आता काय येते, एवढेच विचारून छापा.

जाता जाता, लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘उजनीचा रोहू’ असे छापले आहे. पाठीवर डोक्यामागून शेपटीजवळपर्यंत काटेरी पर असलेला तो मासा चिलापी आहे. रोहूच्या पाठीवरचा पर आखूड असतो आणि त्याला असे काटे नसतात. कृपया दुरुस्ती छापावी.

कळावे,
एक वाचक, ता. करमाळा