माजघराची भिंत आणि माझा तेव्हाचा हट्ट

ती. आई-बाबा,
सा. न.

काल व्हिडिओ कॉलवर बाबांनी पटकन फोन वळवला तरी मला माजघराची भिंत दिसली हां. जमिनीपासून कमरेपर्यंत प्लास्टर फुगलंय आणि खाली पांढरी भुकटी पडलीय, लोणा लागलाय तो. बाबा, तुम्ही म्हणताय छप्पर गळतंय, पण तसं असतं तर ओल वरून खाली आली असती ना, ही खालून वर चढलीय.

आणि खरं सांगू का, यात निम्मी चूक माझी. 2014 ला गणपतीच्या आधी मीच हट्ट धरला, पोपडे बरे दिसत नाहीत म्हणून चुन्याचा गिलावा काढून सिमेंट मारून घेतलं. भिंतीचा दगड, म्हणजे चिरा, जांभ्याचा, जमिनीतलं पाणी शोषणारच, आधी ते चुन्यातून हळूहळू वाळून जायचं, सिमेंटने ती वाटच बंद झाली मग ते आणखी वर चढलं आणि बरोबर आलेला खार आत साठून साठून चिऱ्याचा भुगा करतोय. त्यात अंगणातल्या कोब्याचा उतार घराकडेच, पागोळ्यांचं सगळं पाणी जोत्यावर. आजी पावसाआधी पश्चिमेच्या भिंतीला माडाच्या पात्यांची झापं बांधायची, ते पण आपण बंद केलं, गावठी दिसतं म्हणे!

तर त्या वॉटरप्रूफिंगवाल्याला प्लीज हो म्हणू नका. तो आतून कोट मारणार, एकदोन पावसाळे भिंत गुळगुळीत दिसेल आणि ओल कोटाच्या वरून डोकं काढेल.

मी दिवाळीत येतोय. आधी भिंतीलगतचा दोन फूट कोबा फोडून चर खणू, खडी भरू, न्हाणीचा गळका पाईप बदलू. मग सिमेंट हलक्या हाताने काढायचं, चिरा दुखावता कामा नये, आणि शिमग्यापर्यंत भिंत उघडीच ठेवायची, कोणी आलं गेलं तर दिसू दे. नंतर चिऱ्यांमधल्या दरजा आणि गिलावा दोन्ही चुन्याचेच. बाबा, चुन्याचं काम येणारा गवंडी आत्तापासून शोधून ठेवा, कळीचा चुना भिजवून मुरायला पण वेळ लागतो.

आई, तू लोणा ओल्या फडक्याने पुसू नकोस गं, खार विरघळून परत आत जातो, सुक्या ब्रशने झाड आणि भुकटी लगेच भरून बाहेर टाक. कपाट हातभर पुढे ओढून घ्या, पण बाबांनी एकट्याने नाही, कंबर सांभाळा. आणि आजोबांचा फोटो त्या भिंतीवरून आजच काढ, मागचा पुठ्ठा भिजला असेल.

तुमचा,
बाळू