बूट धुवायची नोकरी

उशुआया (अर्जेंटिना), २ फेब्रुवारी

ती. आई व नाना यांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर, झोप वेळेवर, वजन दोन किलो वाढलंय. तेव्हा आईने फोटो मोठा करकरून माझी गालफडं बघणं थांबवावं. फोनवर आपलं बोलणं "जेवलीस का" आणि "थंडी किती" यापुढे जात नाही, तेवढ्यात आवाज तुटतो. म्हणून हे कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतेय. सागर, आजीला सावकाश वाचून दाखव. आमच्या अंटार्क्टिकाच्या जहाजावरून जुने प्रवासी सकाळी उतरले, नवे चार वाजता चढतील. तोवरचा वेळ माझा.

थंडीचं आधी उरकते. जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे इथला उन्हाळा. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर दिवसा पारा शून्याच्या आसपास असतो, कधी दोन खाली, कधी चार वर. निफाडकडे थंडीची लाट आली की पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, तेव्हा याहून फार वेगळं नसतं. फरक वाऱ्याचा आणि ओलीचा. त्यासाठी तीन थर: अंगालगत पातळ लोकरीचं, त्यावर फ्लीस, सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं. सुती कापड वर्ज्य, कारण ते घामाने भिजतं आणि भिजलेलं अंगावरच गार पडतं. आई, तू दिलेले गाऊन केबिनमध्ये वापरते, टाकले नाहीत. केबिनमध्ये उबदार असतं.

आता ड्रेक पॅसेज. मामांनी गटावर टाकलेला लाटांचा व्हिडिओ मीही पाहिला. दक्षिण अमेरिकेचं टोक आणि अंटार्क्टिका यांच्यामधला हा सुमारे ८०० किलोमीटरचा पट्टा. या अक्षांशावर पृथ्वीला पूर्ण फेरी मारली तरी वाऱ्याला आणि लाटेला अडवायला जमीन नाही, म्हणून समुद्र तिथे उसळतो. पार करायला साधारण दोन दिवस लागतात. त्यात कधी देवळातल्या कुंडासारखं निवांत पाणीही मिळतं, ते कोणी व्हिडिओ करून पाठवत नाही. जहाज हलायला लागलं की टेबलावर ओलं कापड अंथरतात, म्हणजे ताटं घसरत नाहीत. खुर्च्या जमिनीला साखळीने अडकवतात. एक हात कायम कठड्याला. दाराच्या फटीत बोटं घालायची नाहीत. ही दारं जड असतात आणि जहाज कललं की आपोआप मिटतात. दारात बोटं चेंगरूनही लोकांना इजा होते. मळमळीवर डॉक्टर गोळी देतात, पण गोळी लाटेच्या आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. आजीचा आलेपाक डॉक्टरांनीही दोनदा मागून नेला. डबा संपलाय, असं म्हणून ठेवते.

आणि मामा म्हणाले तेही खरं आहे. २३ नोव्हेंबर २००७ ला एक्स्प्लोरर नावाचं असंच लहान जहाज किंग जॉर्ज बेटाजवळ बर्फाला लागून बुडालं. त्यावर १५४ माणसं होती आणि १५४ वाचली, हा भाग व्हिडिओत नव्हता. त्यानंतर, १ जानेवारी २०१७ पासून, ध्रुवीय जहाजांना पोलर कोड हे सुरक्षेचे नियम लागू झाले. मदत यायला किमान पाच दिवस लागतील असं धरून जीवरक्षक सामान ठेवावं लागतं. यावर मला आणखी काही विचारू नका.

मामांचं दुसरं बोलणं मात्र मनाला लागलं. "एमएस्सी ॲग्री करून पोरगी लोकांचे बूट धुते." हो, धुते. नाना, हे तुम्हाला समजेल म्हणून नीट लिहिते. मामांनाही वाचायला द्या.

इथे कोणीही किनाऱ्यावर पाय ठेवण्याआधी त्याचे बूट, कपडे, पिशव्या तपासतात. जमिनीवर उतरण्याच्या आधी एकदा, परत जहाजावर येताना एकदा. एका दिवसात दोन ठिकाणी उतरलो तर चार वेळा. पहिल्यांदा बघणाऱ्याला सोवळं-ओवळं वाटेल. ड्रेकमधल्या दोन दिवसांत एकेक प्रवासी आपलं सगळं बाहेरचं सामान घेऊन येतो. आम्ही व्हॅक्युमने खिसे उलटे करून ओढतो, कॅमेऱ्याच्या बॅगेचे कोपरे ओढतो, तिपाईचे आणि काठीचे पाय ब्रशने घासतो. सगळ्यात वाईट जागा म्हणजे वेलक्रो, ती चिकटपट्टी. हातमोज्याच्या, जॅकेटच्या मनगटावरच्या वेलक्रोत कुसळं अडकून बसतात आणि व्हॅक्युमला दाद देत नाहीत. ती चिमट्याने एक-एक काढावी लागतात. मागच्या सुट्टीत कुठल्यातरी कुरणातून हिंडून आलेला माणूस शपथेवर सांगतो की कपडे धुतलेत. धुतलेले असतातही, पण धुण्याच्या मशीनमध्ये कुसळ निघत नाही, उलट घट्ट बसतं. मग प्रत्येकाने सही करायची की माझं सामान साफ आहे.

बुटांचं वेगळं. गमबूट जहाजाकडूनच मिळतात, गुडघ्यापर्यंतचे. तळाच्या खाचांमधली माती आकड्याने उकरायची, मग ब्रशने घासायची आणि शेवटी व्हिरकॉन या जंतुनाशकाच्या गुलाबी पाण्यात उभं राहायचं, लिटरला दहा ग्रॅम. क्रम उलटला तर उपयोग नाही. खाचेत माती किंवा शीट राहिली तर औषध तिच्यावरच खर्च होतं आणि आतला जंतू तसाच राहतो. पंपात गढूळ पाणी घेऊन फवारणी केली तर तुम्ही गड्याला काय म्हणता, तेच.

कारण सांगते. अख्ख्या अंटार्क्टिकात फुलणाऱ्या अशा मूळच्या वनस्पती फक्त दोन, एक गवत आणि एक शेवाळाच्या उशीसारखं दिसणारं रोपटं. बाकी जमीन मोकळी. पोलंडच्या आर्क्टोव्स्की तळाजवळ १९८५-८६ च्या हंगामात एक बाहेरचं गवत दिसलं, पोआ अन्नुआ, जगभर लॉनमध्ये उगवणारं साधं तण. माणसांच्या सामानातून आलेलं. ते अजून उपटताहेत. साउथ जॉर्जिया बेटावर सील आणि व्हेल मारणाऱ्यांच्या जहाजांतून उंदीर उतरले आणि त्यांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खाल्ली. हेलिकॉप्टरने विषाचे दाणे टाकून अख्खं बेट साफ करावं लागलं; २०१८ मध्ये ते उंदीरमुक्त जाहीर झालं. आपल्याकडे पिठ्या ढेकूण एका बागेतून दुसऱ्या बागेत कसा जातो? मजुरांच्या कपड्यांना चिकटून. छाटणीच्या टोळीला कात्र्या औषधात बुडवल्याशिवाय तुम्ही बागेत शिरू देत नाही, तेव्हा कोणी तुम्हाला कात्र्या धुणारा म्हणत नाही.

त्यात आता बर्ड फ्लू. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर पहिल्यांदा नक्की झाला, अर्जेंटिनाच्या तळाजवळ मेलेल्या स्कुआ पक्ष्यांत. २००६ मध्ये नवापूरला काय झालं ते नानांना आठवत असेल, कोंबड्यांचे शेडच्या शेड पुरले होते. इथे पुरणार कोण आणि किती? म्हणून आता किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, पिशवी खाली ठेवायची नाही. जमिनीला फक्त बुटाचा तळ लागला पाहिजे, कारण तेवढाच आपण खात्रीने धुऊ शकतो. लोकांना हे फार जड जातं. फोटोसाठी गुडघ्यावर बसायची सवय असते. दिवसातून पन्नास वेळा "उभे राहा" म्हणणं हे माझं दुसरं काम. पोल्ट्रीच्या दारात पाय बुडवायचं टाकं असतं ना, तसंच समजा, फक्त शेड खंडाएवढी आहे.

बाकी काम सोपं आहे. एका वेळी किनाऱ्यावर १०० पेक्षा जास्त प्रवासी नकोत आणि वीसजणांमागे एक गाइड, असा आयाटो या जहाजवाल्यांच्या संघटनेचा नियम. म्हणून लहान जहाज बरं. मोठ्या जहाजावर लोक पाळीची वाट बघत बसतात, आणि ५०० च्या वर प्रवासी असले तर उतरताच येत नाही. किनाऱ्यापर्यंत झोडियाक नावाच्या हवा भरलेल्या रबरी बोटीने जायचं. साधारण पावणेसहा मीटर लांब, मागे ६० हॉर्सपॉवरचं इंजिन, दहा माणसं काठाच्या फुग्यावर बसतात. फुग्यात हवेचे कप्पे वेगवेगळे, एक फाटला तरी बोट तरंगते. चढताना हाताला हात द्यायचा नाही, मनगटाच्या वर कोपराकडे धरायचं. ओला पंजा सुटतो, तशी पकड सुटत नाही. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला बांधलेली असते, तो पाण्यात पडला तर बोट आपोआप थांबते. त्रास होतो तो बर्फाच्या चुऱ्याचा. इंजिन थंड करायला समुद्राचंच पाणी आत ओढतात. चुरा त्या भोकात बसला की मागची पाण्याची बारीक धार बंद होते. धार दिसेनाशी झाली की लगेच इंजिन बंद करून वर उचलायचं आणि बर्फ काढायचा. दोन मिनिटं दुर्लक्ष झालं की इंजिन तापून बसतं. म्हणून एकटी बोट कधी सोडत नाहीत. शिवाय प्रत्येक वेळी तंबू, खाणं, स्टोव्ह भरलेली पिंपं आधी किनाऱ्यावर उतरवतात. हवामान फिरलं आणि जहाजावर परतता आलं नाही तर ती उघडायची. माझ्या वेळी एकदाही उघडली नाहीत.

पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं. तो स्वतःहून जवळ आला तर आपण हलायचं नाही. बर्फात त्यांच्या पायवाटा असतात, समुद्रापासून वसाहतीपर्यंत खोल चर पडल्यासारख्या. तिथे त्यांना आधी वाट द्यायची. आपला पाय भुसभुशीत बर्फात मांडीपर्यंत गेला तर ते भोक परत बुजवायचं, नाहीतर पेंग्विन त्यात पडतो आणि त्याला वर येता येत नाही. वास भयंकर. त्यांची शीट क्रिल (कोळंबीसारखा बारीक जीव) खाल्ल्यामुळे गुलाबी असते आणि सगळ्या बर्फावर पसरलेली. आता हंपबॅक देवमासेही खूप दिसतात, त्याच क्रिलसाठी आलेले. नेको हार्बरला हिमनदी समुद्रात तुटते. तिथे बोटीतून उतरलं की वाळूत रेंगाळायचं नाही, सरळ चढावर जायचं, कारण मोठा कडा पडला की दोन-चार मिनिटांत लाट किनाऱ्यावर येते. पोर्ट लॉकरॉयला टपाल कचेरी आहे, तिथून आजीला पेंग्विनचं तिकीट लावलेलं कार्ड टाकलंय. फॉकलंड आणि इंग्लंडमार्गे येईल, बहुधा माझ्या नंतर.

नाना, आपली मैत्री आणि भारती ही संशोधन केंद्रं खंडाच्या पार दुसऱ्या अंगाला आहेत, इथून दिसत नाहीत.

आजीला एक गंमत सांग, सागर. इथे लोक हौसेने गोठत्या समुद्रात उडी मारतात. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोरी, शेजारी डॉक्टर उभा. अर्ध्या मिनिटात बाहेर ओढून घेतात. पुण्य वगैरे काही नाही, प्रमाणपत्र मिळतं. मी मारलेली नाही.

आता पैशाचं. पंधरवड्यापूर्वी दीड लाख पाठवलेत, एनआरई खात्यातून तुमच्याकडे वळते होतील. त्यातून मार्चअखेरचं सोसायटीचं कर्ज आधी भरा. बागेवरच्या प्लास्टिक कव्हरचा विचार पुढच्या छाटणीला करू, या वर्षी लग्न आहे. सागरच्या लग्नासाठी वेगळे पन्नास येतील ते मांडवाला आणि जेवणाला, माझ्यासाठी पैठणी घेऊ नका. घेतलीच असेल तर आईने नेसावी.

मला येता येत नाही हे मी तिसऱ्यांदा लिहितेय. कंत्राट १८ मार्चला संपतं, मध्येच उतरता येत नाही, उतरायला जागाच नाही. मुहूर्त तुम्ही काढलात, हंगाम मी काढलेला नाही. असं लिहून बरं वाटत नाही, पण खोडत नाही. करवली म्हणून पूजाला उभं करा. तिला कऱ्यातला दिवा वाऱ्याने विझू न देता धरता येतो. मला आत्याच्या लग्नात जमला नव्हता. धाकट्याचं आधी झालं म्हणून कोणी बोललं तर आईने गप्प बसावं, मी पण बसते.

ओझरचं स्थळ. मुलाला भेटायला माझी हरकत नाही. एप्रिलमध्ये. फक्त एचएएलमध्ये आहे एवढ्यावर नको, बायको वर्षातले पाच-सहा महिने बाहेर असली तर चालेल का, हे आधी विचारा. मी जॅकेट घातलेला फोटो पाठवू नका, त्यात ओळखू येत नाही.

आजीच्या गुडघ्याला तेल लावा. बागेत पाऊस पडला नाही ना? मण्यांना तडे गेले असतील तर मला खरं सांगा.

तुमची,
सुनू

ता. क. सागर, इथून पुढचं मोठ्याने वाचू नकोस. मेच्या शेवटी उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांच्या फेऱ्यांसाठी विचारलं होतं, मी हो म्हटलंय. तिकडे पांढरी अस्वलं आहेत. जूनअखेरपर्यंत त्यांच्यापासून ५०० मीटर आणि नंतर ३०० मीटर लांब राहायचा कायदा आहे, आणि किनाऱ्यावर सोबत बंदूकवाला गाइड असतोच. एप्रिलमध्ये घरी आले की मीच सांगेन. तुझ्या हळदीचा व्हिडिओ छोटे-छोटे तुकडे करून पाठव, मोठी फाइल इथे उतरत नाही.