एवढा मोठा मासा का सोडला: सईस पत्र

हॅवलॉक, अंदमान
मार्च

प्रिय सई,

काल तुझा फोन मध्येच तुटला आणि लगेच आजीचा आला. परवा मी पकडून सोडून दिलेल्या जीटीबद्दल (जायंट ट्रेव्हली, प्रवाळाजवळ शिकार करणारा मोठा मासा) तू विचारत होतीस, "केवढा?" आजीने विचारलं, "सोडलंस? इतको मोठो मासो सोडलंस?" आज बोटीच्या इंजिनाचं काम चाललंय, दिवसभर किनाऱ्यावरच आहोत. तेव्हा दोघींना एकाच पत्रात उत्तर देते. सुट्टीत मालवणला गेलीस की आजीला वाचून दाखव.

शेपटीच्या खाचेपर्यंत 118 सेंटीमीटर. वजन 30 किलोच्या आसपास असावं. काट्यावर घातलाच नाही, कारण एवढ्या जड माशाला जबड्याला धरून टांगलं की त्याला आतून इजा होते. जायंट ट्रेव्हलीचा जागतिक विक्रम 72.8 किलोचा आहे, जपानच्या कागोशिमाकडच्या तोकारा बेटांजवळ 2006 साली गरीला लागलेला. त्याच्यापुढे माझा अर्धासुद्धा नाही. पण माझ्या हाताला लागलेला आजवरचा सगळ्यात मोठा जीटी हाच, आणि मला त्याचा इतका आनंद झालाय की रात्री झोप लागली नाही.

आमच्या बोटीचा तांडेल मायाबंदरकडचा कॅरन आहे. या लोकांना 1925 च्या सुमारास इंग्रजांनी ब्रह्मदेशातून आणून इथे वसवलं, आणि समुद्राची त्यांची जाण मोठी आहे. त्याने नेलेल्या जागेचं नाव इथे लिहीत नाही, ती जागा त्याची आहे. तिथे वर दहा-बारा मीटर पाणी, आणि पुढे प्रवाळाची कडा एकदम खोल उतरते. भरतीचं पाणी त्या कडेवर आपटून वर चढतं, लहान मासे त्या ओढीत सापडून भरकटतात, आणि जीटी नेमका तिथेच टपून असतो. पाण्याची ओढ थांबली की त्याचं खाणंही मंदावतं. म्हणून भांगाचे दिवस टाळून आम्ही पौर्णिमेच्या उधाणाला आलो. तुझे आजोबा रापण टाकायला तिथी बघायचे, तीच तिथी मी बघते. पंचांग तेच, समुद्र दुसरा.

पॉपर म्हणजे काय ते तू बघितलंयस, तोंडाला वाटीसारखा खोलगट असलेला तो लाकडी मासा. माझा साधारण 150 ग्रॅमचा होता. लांब फेकायचा, दोरी ताणून घ्यायची आणि रॉड खाली ठेवून आडवा जोरात ओढायचा. ती वाटी पाणी कवेत घेते आणि भोक्क् असा मोठा आवाज होतो. या माशाला वरच्या आवाजाचं वावडं नाही. सेशेल्समधल्या फारकुहार प्रवाळद्वीपावर तर हे मासे सुरय पक्ष्यांची नवखी पिल्लं पाण्यावर झेप घेऊन गिळतात. वर काहीतरी धडपडतंय एवढं त्याला पुरतं.

सकाळपासून फेकत होते. खांदे भरून आले होते. तेवढ्यात पॉपरच्या मागचं पाणी फुगलं. आधी पाठ दिसली, रुंद आणि फिकट. मग स्फोट झाल्यासारखं पाणी उडालं, पण दोरीवर वजन आलं नाही. सई, हे नीट वाच, कारण तू येशील तेव्हा तुझ्याही बाबतीत हेच होणार आहे. पाणी उडालेलं बघून झटका मारायचा नाही. डोळ्यांना दिसलं म्हणून हात हलवलास तर पॉपर त्याच्या तोंडातून निघून हवेत येईल, आणि मासा तर जाईलच, वर पॉपरचे गळ जोराने बोटीकडे येतील. ओढत राहायचं, त्याच लयीत. तो पुन्हा येतो. परवा दुसऱ्या धडकेला वजन आलं, सगळं वजन एकदम आलं, आणि तेव्हा मी रॉड कमरेपासून मागे ओढून गळ रुतवला.

पुढचं सगळं पहिल्या अर्ध्या मिनिटात ठरतं. हा मासा उड्या मारत नाही, दूरही पळत नाही. तो खाली, प्रवाळात जातो, आणि खडकाची एक धार लागली की कितीही जाड दोरी असो, तुटते. माझ्याकडे पीई 8 नंबरची ब्रेडेड (विणलेली) दोरी होती, साधारण 100 पौंड ताण सोसणारी, पुढे गळाकडच्या टोकाला 170 पौंडांचा नायलॉन लीडर, आणि ड्रॅग, म्हणजे रिळाने दोरी सोडण्याआधी धरायचा ताण, काट्यावर मोजून 12 किलोला लावलेला. बारा किलो ऐकायला थोडे वाटतात. रॉडच्या टोकाला ते असले की पाय डेकवर घसरतात. गुडघे बोटीच्या कडेला टेकवले, रॉड फार उंच न धरता अंगाचं वजन मागे टाकलं, आणि तांडेलाने एका शब्दाविना बोट प्रवाळाच्या कडेपासून खोल पाण्याकडे काढली. निम्मा मासा त्याने पकडला असं मी म्हणेन. दोरी तीनदा सुटत गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा मला वाटलं, संपलं. पण खाली प्रवाळ उरलं नव्हतं, नुसतं निळं पाणी होतं. मग एक एक वीत ती वर आली.

ती म्हणते, कारण अंग फिकट चंदेरी होतं. या जातीत मोठे नर बहुधा काळवंडलेले असतात, म्हणून ही मादी असावी असं तांडेल म्हणाला. त्याने हातमोजा घालून शेपटीच्या मुळाशी धरलं. तिथे दोन्ही अंगांना टणक, धारदार खवल्यांची रांग असते, उघडा हात कापतो. गळ पाण्यातच काढला. मग ओल्या चटईवर आडवी घेतली, एक हात पोटाखाली. मोजलं, एक फोटो घेतला. फोटोचा नियम सोपा आहे. मासा पाण्याबाहेर आला की आपण श्वास रोखायचा, आणि आपल्याला श्वास घ्यावासा वाटला की तो परत पाण्यात गेलेला असला पाहिजे. चटईवर ती घशातून घुर्रघुर्र करत होती. एवढ्या जवळून तो आवाज ऐकला की फोटोसाठी थांबवत नाही. पाण्यात डोकं खाली करून सोडली, शेपटीचा एक फटका बसला, माझं तोंड भिजलं आणि ती गेली.

आता आजीचा प्रश्न. तिला म्हणावं, मासा फुकट मारायचा नाही हे मी तिच्याकडूनच शिकलेय. आपण कोकर म्हणून खातो ते याच कुळातले, पण ताटात मावणारे मासे. ही जात साधारण 60 सेंटीमीटरची झाल्यावर अंडी घालायला लागते. हवाई बेटांवर अभ्यास झाला, तिथे त्याला साडेतीन वर्षं लागतात असं दिसलं. म्हणजे परवाची मादी त्याहून कितीतरी वर्षं जगलेली, आणि मादी जेवढी मोठी तेवढी अंडी जास्त. हे मासे अंडी घालायला ठरलेल्या जागी थव्याने जमतात. मोठे काढून नेले की पुढच्या थव्यात जमणार कोण? पिल्लं खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात वाढतात, मोठी होऊन बाहेर प्रवाळाकडे जातात. एवढा सगळा प्रवास करून आलेला मासा एका जेवणासाठी मारणं मला पटत नाही. मोठी सुरमई मिळाली तर मी आणीन, तिचं तिकलंही करीन. जीटी नाही.

आणि खायचा म्हटलं तरी तो धोक्याचा असतो. प्रवाळावरच्या शेवाळात राहणारे काही सूक्ष्म जीव विष तयार करतात. ते लहान माशातून मोठ्या माशात साठत जातं. त्याला सिग्वाटेरा म्हणतात. उकळा, तळा, मीठ लावून वाळवा, ते जात नाही, आणि माशाला वासही येत नाही. बाधा झालेल्या माणसाला थंड वस्तू गरम लागते. प्रवाळावरचा मासा जेवढा मोठा आणि म्हातारा, तेवढी ही भीती अधिक.

आजीचं एक म्हणणं मात्र मला मान्य आहे. सोडायचाच तर पकडायचा कशाला, त्या जिवाला त्रासच ना? त्रास होतो. म्हणूनच एवढी जाड दोरी आणि एवढा कडक ड्रॅग. बारीक दोरीवर तासभर दमवलेला मासा सोडला तरी शार्कच्या तोंडी जातो. झुंज छोटी ठेवणं ही आपली जबाबदारी आहे. मला पाण्यावरची ती धडक बघायची असते, तिची ताकद हातात यावी असं वाटतं, हे मी लपवत नाही. त्याच्या बदल्यात ती धडधाकट परत जाईल याची सगळी तयारी मी बोटीवर चढण्याआधी करते. प्रत्येक पॉपरचे तिहेरी गळ काढून एकेरी लावलेले, त्यांच्या टोकाजवळचे उलटे काटे पकडीने दाबून सपाट केलेले. तुझ्या पेटीतले तुझे तूच दाबून आण.

ब्रेडेड दोरी लीडरला जोडायच्या एफजी गाठीचा सराव आत्तापासून कर. वसतिगृहात खुर्चीच्या पायाला दोरी बांधून ताणून बसायचं, निदान वीस फेरे, एकही दुसऱ्यावर चढता कामा नये, आणि शेवटी ओली करून दोन्ही हातांनी ओढून बघायची. घसरली तर उलगडून पुन्हा. बोटीवर हलत्या डेकवर ती गाठ तुलाच बांधायची आहे, मी बांधून देणार नाही. शिवाय पोलराइज्ड चष्मा हवा, नाहीतर मागे येणारा मासा दिसत नाही. खांद्यांचा व्यायाम रोज थोडा, मीही पावसाळाभर तेच करणार आहे.

इथला समुद्र डिसेंबरपासून बरा असतो. परीक्षेच्या तारखा लागल्या की त्याच दिवशी कळव, म्हणजे पुढच्या उधाणाचे दिवस बघून तांडेलाला आगाऊ सांगता येईल. बोटीवर फेकायला चौघांचीच जागा आहे आणि त्यातली दोन मला आपल्यासाठी हवीत.

तुझी,
आई